मधुमेहासाठी ॲक्युपंक्चर: संशोधन कुठवर आले आहे आणि रुग्णाने त्यातून काय घ्यावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे, मेटफॉर्मिन नियमित चालू आहे, तरीही एचबीए१सी, म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.८ टक्क्यांच्या खाली उतरत नाही; गेल्या वर्षभरात रात्री तळपायांची आग होऊ लागली आहे; ॲक्युपंक्चरने, म्हणजे शरीरावरील ठरावीक बिंदूंवर सुया टोचण्याच्या उपचाराने, साखर आटोक्यात येते असे परिचितांनी सांगितले आहे. तेव्हा याविषयीचे संशोधन काय सांगते, ते कोणत्या दिशेने चालले आहे आणि या उपचाराच्या आधारे गोळ्या कमी करता येतील का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

बरीच वर्षे मधुमेहाच्या रुग्णांवर आधुनिक औषधांच्या जोडीने ॲक्युपंक्चर करत आल्यानंतर माझे मत असे झाले आहे की तळपायांच्या आगीसाठी हा उपचार करून पाहण्यासारखा आहे. साखरेसाठी तो घ्यायचा तर औषधांच्या जोडीला आणि माफक अपेक्षेने घ्यावा. गोळ्या कमी करण्याचे निमित्त म्हणून मात्र तो मुळीच घेऊ नये. या तीन उत्तरांमागचा पुरावा सारख्या वजनाचा नाही, म्हणून प्रत्येकाविषयी स्वतंत्रपणे लिहितो.

प्राचीन चिनी वैद्यकात अतितहान, अतिमूत्र आणि शरीर झिजणे या लक्षणांच्या समूहाला ‘शियाओ-के’ असे नाव आहे आणि त्यावर सुईचे उपचार सांगितलेले आहेत. या वर्णनात मधुमेह मोठ्या प्रमाणात येतो, पण ते वर्णन म्हणजे मधुमेहच असे धरता येत नाही, कारण रक्तातील साखर मोजण्याची सोय तेव्हा नव्हती आणि आजच्या बहुसंख्य रुग्णांना निदानाच्या वेळी यांतील एकही लक्षण नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालात इन्सुलिनवर अवलंबून नसलेला मधुमेह ॲक्युपंक्चरच्या यादीत आहे, ही गोष्ट जाहिरातींतून वारंवार सांगितली जाते. ती खरी आहे. मात्र त्या अहवालात आजारांचे वेगवेगळे वर्ग केले होते आणि मधुमेह ‘परिणाम दिसला आहे, परंतु अधिक पुरावा हवा’ या वर्गात होता. हे अर्धे वाक्य गाळले की अर्थच बदलतो.

सुईने साखर कमी होण्याची शक्यता मुळात कशी असू शकते, याचा सर्वांत चांगला अभ्यास प्राण्यांवर झाला आहे. तैवानमधील संशोधकांनी १९९९ मध्ये उंदरांच्या पोटावरील सीव्ही-१२ या बिंदूवर विद्युत-ॲक्युपंक्चर, म्हणजे टोचलेल्या सुयांमधून सौम्य विद्युतप्रवाह सोडण्याची पद्धत, वापरून पाहिली. निरोगी उंदरांत आणि टाइप २ सारखा मधुमेह असलेल्या उंदरांत साखर उतरली, रक्तातील इन्सुलिन वाढले आणि बीटा-एंडॉर्फिन हे शरीरातील नैसर्गिक वेदनाशामकही वाढले. टाइप १ सारखा मधुमेह असलेल्या, म्हणजे स्वादुपिंडातून इन्सुलिन जवळजवळ येतच नाही अशा उंदरांत मात्र साखर हलली नाही. मला हा या क्षेत्रातील सर्वांत बोलका निष्कर्ष वाटतो. सुई इन्सुलिन घडवत नाही. ती मज्जासंस्थेमार्फत, शरीरात जे इन्सुलिन अजून तयार होते आहे त्याचे स्रवणे किंवा त्याचा उपयोग थोडा बदलते. म्हणूनच टाइप १ मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिनऐवजी ॲक्युपंक्चर सुचवणे हा जिवाशी खेळ आहे, कारण इन्सुलिन थांबले की काही दिवसांत, कधी काही तासांत, कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याची अवस्था, होऊन प्राण जाऊ शकतो.

पुढच्या दहा-पंधरा वर्षांत संशोधकांचे लक्ष स्वादुपिंडावरून स्नायूंकडे वळले. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा सांगाड्याचे स्नायू उचलतात आणि त्यासाठी ‘ग्लुट-४’ नावाची वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर यावी लागतात. व्यायामाने हे घडते हे आधीच माहीत होते. पायाच्या किंवा पोटाच्या स्नायूंत सुया टोचून २ हर्ट्झ इतक्या कमी वारंवारतेचा प्रवाह दिला की स्नायू लयीत आकुंचन पावतात, आणि ही स्थिती काही अंशी हलक्या व्यायामासारखी असते, हा विचार स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील गटाने पुढे नेला. त्यांनी पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस, हा स्त्रियांच्या बीजांडकोशांशी निगडित विकार निवडला, कारण त्यात इन्सुलिन-प्रतिरोध, म्हणजे शरीराने इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद न देणे, फार प्रमाणात आढळतो. हा विकार निर्माण केलेल्या उंदरांमध्ये कमी वारंवारतेच्या विद्युत-ॲक्युपंक्चरने इन्सुलिनची संवेदनशीलता सुधारली. पुढे २०१७ मध्ये त्यांनी स्त्रियांवरही प्रयोग केला. शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देत शरीर किती साखर उचलते हे अचूक मोजण्याच्या ‘क्लॅम्प’ पद्धतीने त्यांना दिसले की प्रवाह चालू असताना साखर उचलण्याचे प्रमाण वाढते, आणि प्राण्यांवरील जोड-प्रयोगांवरून हा परिणाम स्वायत्त मज्जासंस्थेमार्फत होतो असे निघाले.

हे सारे उत्साहवर्धक आहे. परंतु प्रवाह चालू असताना साखर उचलली जाणे आणि चार महिन्यांनी रुग्ण बरा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीसीओएस आणि इन्सुलिन-प्रतिरोध असलेल्या ३४२ स्त्रियांवर चीनमध्ये झालेली आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी म्हणूनच महत्त्वाची आहे. तिच्यात एका गटाला खरे ॲक्युपंक्चर आणि औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी, दुसऱ्याला आभासी ॲक्युपंक्चर, म्हणजे खऱ्यासारखा भासणारा खोटा उपचार, आणि मेटफॉर्मिन, तर तिसऱ्याला आभासी ॲक्युपंक्चर आणि निष्क्रिय गोळी दिली गेली. चार महिन्यांनंतर इन्सुलिन-प्रतिरोध कमी करण्यात ॲक्युपंक्चर मेटफॉर्मिनची बरोबरी करू शकले नाही. पोटाच्या तक्रारी मात्र मेटफॉर्मिनच्या गटापेक्षा कमी होत्या. आपण मेटफॉर्मिन घेता आणि ते कमी करता येईल का असे विचारता, तेव्हा माझ्या नजरेसमोर पहिल्यांदा हीच चाचणी येते. ती पीसीओएसच्या रुग्णांवर झाली आहे, मधुमेहाच्या नव्हे, हे खरे. पण दोन उपचारांची समोरासमोर तुलना करणाऱ्या अशा नेटक्या चाचण्या मुळातच थोड्या आहेत.

प्राण्यांवरील प्रयोगांविषयी एक इशारा देणे भाग आहे. उंदीर जागा असताना त्याला सुया टोचून अर्धा तास स्थिर ठेवणे कठीण असते, म्हणून अनेक प्रयोगांत त्याला भूल दिली जाते. आयसोफ्लुरेन किंवा केटामीन-झायलाझिन यांसारख्या भुलीच्या औषधांनी साखर स्वतःच वाढते. त्यामुळे काही प्रयोगांत जे मोजले गेले ते मधुमेहाची साखर उतरणे आहे की भुलीने चढलेली साखर आवरणे आहे, हे वेगळे काढणे अवघड जाते. कोणी उंदरांवरील आलेख दाखवून खात्री देऊ लागले, तर भूल कोणती होती हे मी आधी पाहतो.

अलीकडच्या संशोधनाचा सर्वांत जिवंत प्रवाह व्हेगस या मज्जातंतूभोवती आहे. हा मज्जातंतू मेंदूच्या खालच्या भागातून निघून हृदय, जठर, यकृत, स्वादुपिंड येथवर जातो, आणि त्याची एक छोटी शाखा कानाच्या पाळीच्या आतल्या खोलगट भागात त्वचेपर्यंत येते. कानातील या भागावर सुईशिवाय, त्वचेवरूनच विद्युत चेतना देण्याची पद्धत चीनमधील एका गटाने ग्लुकोज सहनशीलता बिघडलेल्या, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर वापरली. या प्राथमिक चाचणीत ७२ जणांची खऱ्या आणि आभासी चेतनेच्या गटांत विभागणी झाली होती, काळ १२ आठवड्यांचा होता आणि ग्लुकोज दिल्यानंतर दोन तासांनी मोजलेली साखर खऱ्या चेतनेच्या गटात अधिक उतरली. ही चाचणी २०१४ ची आहे. तिच्यावरून कोणी उपचाराची शिफारस करू नये, पण दिशा म्हणून ती लक्षणीय आहे, कारण रुग्ण हा उपचार घरी स्वतः घेऊ शकतो.

२०२१ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने या दिशेला शरीररचनेचा भक्कम आधार दिला. उंदराच्या मागच्या पायावरील एसटी-३६ या बिंदूवर कमी तीव्रतेचा प्रवाह दिला की विशिष्ट संवेदी मज्जापेशींमार्फत व्हेगस आणि अधिवृक्क ग्रंथी यांचा मार्ग चालू होतो आणि शरीरातील दाह उतरतो. पोटावरील बिंदूवर तेवढ्याच प्रवाहाने हा मार्ग चालू होत नाही. सुई कुठे टोचली, किती खोल आणि किती प्रवाह दिला, याने फरक पडतो, हे परंपरेने सांगितलेले म्हणणे येथे प्रथमच इतक्या नेमकेपणाने मज्जापेशींच्या पातळीवर उलगडले. तो अभ्यास मधुमेहाचा नव्हता, जंतुसंसर्गासारख्या तीव्र दाहाचा होता. तरीही टाइप २ मधुमेहात मेदपेशींतील दीर्घकालीन मंद दाह इन्सुलिन-प्रतिरोध वाढवतो, म्हणून मधुमेहाच्या संशोधकांनी तो लगेच उचलला आणि आता आतड्यातील जिवाणू, मेदाची दाहस्थिती आणि मेंदूतील हायपोथॅलॅमस यांच्यावरील परिणाम पाहणारे प्रयोग प्राण्यांवर मोठ्या संख्येने होत आहेत.

माणसांवरील चाचण्यांकडे वळलो की चित्र मंद होते. बहुसंख्य चाचण्या चीनमध्ये झाल्या आहेत आणि त्यांची रचना बहुधा अशी असते: एका गटाला नेहमीची औषधे, दुसऱ्याला नेहमीची औषधे आणि वर ॲक्युपंक्चर. दुसऱ्या गटाची साखर अधिक उतरते. परंतु आठवड्यातून तीन वेळा दवाखान्यात येणाऱ्या, कोणीतरी आपुलकीने चौकशी करणाऱ्या रुग्णाचा आहार आणि गोळ्यांची नियमितताही सुधारते, आणि आभासी उपचाराचा गट नसेल तर सुईचा वाटा किती आणि या साऱ्याचा किती हे सांगता येत नाही. प्रसिद्धीचा पक्षपात हाही गंभीर प्रश्न आहे. देशागणिक निष्कर्षांची तुलना करणाऱ्या १९९८ च्या एका अभ्यासात चीनमधून प्रसिद्ध झालेली ॲक्युपंक्चरची प्रत्येक चाचणी सकारात्मक निघाली होती. ज्या क्षेत्रात अपयश छापलेच जात नाही, त्यातील सरासरी काढून उपयोग मर्यादितच होतो, आणि अशा चाचण्यांची बेरीज करणारी मोठमोठी विश्लेषणेही तोच दोष पोटात घेऊन येतात.

काळाचा प्रश्न याहून साधा, पण तितकाच महत्त्वाचा आहे. एचबीए१सी ही चाचणी मागील दोन ते तीन महिन्यांच्या साखरेचे प्रतिबिंब दाखवते. चार आठवड्यांच्या उपचारानंतर ती मोजली तर जुन्या साखरेचा अंश तिच्यात असतोच. उपाशीपोटीची साखर आठवड्याभरातही खालीवर होते आणि ती जास्त असतानाच रुग्ण उपचाराला येतो, त्यामुळे काहीही न करताही पुढची नोंद बहुधा थोडी कमी निघते. डोळे, मूत्रपिंड आणि हृदय यांची हानी टळते का, हे पाहण्याइतक्या वर्षांची ॲक्युपंक्चरची चाचणी झालेली नाही. औषधांच्या बाबतीत असा पुरावा आहे: ब्रिटनमधील यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासाच्या नोंदींत एचबीए१सी १ टक्का-बिंदूने कमी असण्याशी डोळे आणि मूत्रपिंडांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका सुमारे ३७ टक्क्यांनी कमी असण्याचा संबंध आढळला. आपला ७.८ हा आकडा म्हणजे सरासरी साखर साधारण १७७ मिलिग्रॅम प्रति डेसीलिटर. ती खाली आणण्यासाठी औषधाची मात्रा वाढवणे किंवा दुसरे औषध जोडणे हा विचार आपल्या मधुमेहतज्ज्ञांबरोबर आत्ताच करावा; सुईचा परिणाम दिसेल म्हणून सहा महिने थांबण्यात आपले नुकसान आहे.

आता तळपायांच्या आगीविषयी. माझ्या मते ॲक्युपंक्चरचे खरे कार्यक्षेत्र येथे आहे, आणि मी स्वतः सर्वाधिक रुग्ण याच तक्रारीसाठी पाहतो. रात्री चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, झोप तुटते, झोप तुटल्याने साखर बिघडते, आणि साखर बिघडल्याने पुन्हा आग वाढते, या चक्रात माणूस खचून जातो. मँचेस्टरमधील डॉक्टरांनी १९९८ मध्ये अशा ४६ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. दहा आठवड्यांत सहापर्यंत सत्रे दिल्यानंतर उपचार पूर्ण केलेल्या ४४ जणांपैकी ३४ जणांना लक्षणीय आराम पडला आणि पुढील पाठपुराव्यात अनेकांची वेदनाशामके कमी किंवा बंद झाली. त्याच अहवालात असेही नोंदवले आहे की एचबीए१सी बदलले नाही आणि मज्जातंतूंच्या तपासणीतही फरक पडला नाही. म्हणजे वेदना कमी झाली, मधुमेह जागीच राहिला. प्रामाणिक अहवाल कसा असतो याचा हा नमुना मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला देतो, जरी त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

त्याच शहरात २०१४ मध्ये ४५ रुग्णांवर आभासी सुईशी तुलना करणारी लहान चाचणी झाली. खऱ्या सुईच्या गटात थोडी सुधारणा दिसली, परंतु संख्या निर्णायक नव्हती. मज्जातंतूंच्या वेदनेवरील ॲक्युपंक्चरचा कोक्रेन आढावा, म्हणजे झालेल्या चाचण्या पारखून एकत्र मांडणारा अहवाल, २०१७ चा आहे; त्यात ४६२ रुग्णांच्या केवळ सहा चाचण्या पात्र ठरल्या आणि बाजूने किंवा विरुद्ध ठामपणे काही सांगण्याइतका पुरावा नाही असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर जर्मनीतील चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली: ६२ रुग्ण, आठ आठवड्यांत १२ सत्रे, तुलना प्रतीक्षा यादीतील रुग्णांशी. ॲक्युपंक्चरच्या गटाच्या तक्रारी स्पष्टपणे कमी झाल्या. प्रतीक्षा यादीशी तुलना म्हणजे अपेक्षेचा परिणाम वेगळा काढला गेला नाही, ही तिची मर्यादा. इतर दीर्घकालीन वेदनांबाबत २०,८२७ रुग्णांच्या ३९ चाचण्यांचे जे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये आले, त्यातही हेच रूप दिसते: उपचार न घेण्याच्या तुलनेत ॲक्युपंक्चरचा लाभ मोठा असतो, आभासी सुईच्या तुलनेत तो लहान असतो, पण शून्य नसतो. आभासी सुईनेही त्वचेतील मज्जातंतू चेतवले जातात, त्यामुळे ती औषधाच्या निष्क्रिय गोळीइतकी निष्क्रिय नाही, हा आमच्या क्षेत्रातील जुना आणि अजून न सुटलेला पेच आहे.

मधुमेहामुळे जठर मंदावून उलट्या आणि पोट फुगण्याचा त्रास होतो, त्यावरही चाचण्या पुष्कळ आहेत. २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात ३२ अभ्यास होते आणि पुराव्याची खात्री अत्यंत कमी ठरवली गेली. आपल्याला हा त्रास नसल्याने अधिक लिहीत नाही.

पुढील काळात मला अपेक्षा आहे ती दोन गोष्टींकडून. पहिली म्हणजे उपचाराची नेमकी नोंद. सुया किती, कोणत्या बिंदूंवर, किती खोल, प्रवाह किती, उपचारकाचे प्रशिक्षण काय, हे सारे लिहिण्याचे ‘स्ट्रिक्टा’ हे निकष २००१ मध्ये ठरले आणि २०१० मध्ये सुधारले गेले. ते पाळले गेले तरच एका ठिकाणचा परिणाम दुसरीकडे पडताळून पाहता येतो. दुसरी म्हणजे दंडावर लावायचे सतत साखर मोजणारे उपकरण. साखर ७० ते १८० या मर्यादेत दिवसाचा किती वेळ राहते, हे त्यावरून कळते. सुई टोचल्यानंतरच्या तासाभरात, रात्रभरात आणि दुसऱ्या दिवशी साखरेचे काय होते, हे आजवर बोटाच्या तुरळक नोंदींवरून अंदाजाने सांगावे लागत होते. आता ते सलग दिसू शकते, आणि परिणाम नसेल तर तेही तितकेच स्पष्ट दिसेल.

आपल्यासाठी मी पुढील क्रम सुचवतो. सुईकडे जाण्यापूर्वी जीवनसत्त्व बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्यावी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते आणि त्यानेही तळपायांची अशीच आग होते; कमतरता निघाली तर उपचार सोपा आहे. थायरॉइड आणि मूत्रपिंडांची तपासणी झाली नसेल तर तीही करावी. पायांची संवेदना डॉक्टरांकडील नायलॉनच्या तंतूने आणि कंपनकाट्याने तपासून घ्यावी, कारण पाऊल बधिर असेल तर तेथे सुई टोचताना आणि विशेषतः औषधी वनस्पती जाळून शेक देण्याच्या मोक्सा पद्धतीने इजा झाली तरी कळत नाही. बधिर पावलावर मोक्सा देऊ नये, असा माझा स्वतःपुरता पक्का नियम आहे. भाजून झालेली जखम चिघळलेली मी पाहिली आहे. जखम, भेग किंवा सूज असलेल्या भागात सुई नको. सुया निर्जंतुक आणि एकदाच वापरण्याच्या असाव्यात. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा पेसमेकर बसवला असेल तर ते उपचारकाला आधीच सांगावे. पेसमेकर असताना विद्युत-ॲक्युपंक्चर टाळावे.

उपचाराला उपाशीपोटी जाऊ नये, कारण रिकाम्या पोटी सुईने भोवळ येण्याची शक्यता वाढते. मेटफॉर्मिन एकटेच चालू असताना साखर फार खाली जाण्याचा धोका अल्प असतो, परंतु उद्या सल्फोनिलयुरिया (स्वादुपिंडातून इन्सुलिन अधिक स्रवायला लावणाऱ्या गोळ्या) किंवा इन्सुलिन जोडले गेले तर सत्राच्या आधी आणि नंतर साखर मोजावी.

सत्रे आठवड्यातून एक किंवा दोन, अशी आठ आठवडे घ्यावीत. पहिल्या दिवसापासून आग किती आहे ते शून्य ते दहा या मोजपट्टीवर रोज रात्री लिहावे आणि किती वेळा जाग आली तेही लिहावे. आठ आठवड्यांनी आकडा निदान दोन-तीन अंकांनी उतरला नसेल, तर उपचार थांबवून वेदनेच्या औषधांविषयी डॉक्टरांशी बोलावे. आणखी दहा सत्रे घेतली की गुण येईल असे कोणी म्हटले तरी पैसे आणि वेळ घालवू नये. उतरला असेल, तर सत्रांतील अंतर वाढवत न्यावे. एचबीए१सी तीन महिन्यांनी पुन्हा करावे आणि त्या काळात औषध, आहार किंवा व्यायामात जे बदल केले असतील ते तारखेसह लिहून ठेवावेत, म्हणजे आकडा उतरला तर तो कशाने उतरला हे आपल्या डॉक्टरांना पडताळता येईल. या दरम्यान आग अचानक एकाच पायात वाढली, पायाचा रंग बदलला किंवा पायात ताकद कमी वाटू लागली, तर पुढच्या सत्राची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.